सत्त्याहत्तर ओंडक्यांचा पूल

व्हँकुव्हर शहर पश्चिमेला जिथं संपतं तिथून जंगल सुरू होतं. सीडर, हेमलॉक, डग्लस फर. मान कितीही वर केली तरी शेंडा दिसू नये अशी झाडं. या जंगलापलीकडे, समुद्रात घुसलेल्या पॉइंट ग्रे नावाच्या भूशिरावर युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया पसरली आहे. तिला इथं सगळे यूबीसी म्हणतात. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जंगल. ही जमीन मस्कीम या मूलनिवासी लोकांची. त्यांनी ती कधी कुणाला विकली नाही की करार करून दिली नाही, आणि विद्यापीठ हे उघडपणे मान्य करतं. आवारातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर त्यांच्या भाषेतली नावंही आहेत.

माझी भाची इथं वनशास्त्र शिकते. ऑक्टोबरात तिच्याकडे गेले तेव्हा तिनं एका सकाळचा बेत पक्का ठरवून ठेवला होता. "मावशी, जपानी बाग सगळेच बघतात. पण तू आधी माझ्या डिपार्टमेंटकडून चल. वाटेत बरंच आहे." तिच्या इमारतीच्या आत लाकडाचे उंच खांब झाडांसारखे छतापर्यंत गेले आहेत. वनशास्त्राला शोभेल अशी ती जागा आहे, पण तिला मला दाखवायचं होतं ते बाहेर होतं.

मेन मॉल हा या आवाराचा मधला रस्ता. दक्षिणोत्तर, सरळ, दुतर्फा झाडं. त्याच्या दक्षिण भागात लाल सीडरचा एक कोरीव खांब उभा आहे. हायडा जमातीचे शिल्पी जेम्स हार्ट यांनी तो कोरला आणि १ एप्रिल २०१७ रोजी तो इथं उभा राहिला. उंची १७ मीटरच्या आसपास, झाड सुमारे ८०० वर्षांचं. कॅनडात शंभराहून अधिक वर्षं मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जाई. त्यांची भाषा मोडायची, केस कापायचे, नावं बदलायची. हजारो मुलं तिथंच मेली. खांबाच्या खालच्या भागात शाळांच्या आधीचं जग आहे, मध्ये शाळेची इमारत, आणि वर त्यानंतर सावरणारी माणसं. शाळेच्या भागाला जवळ जाऊन पाहिलं की लाकडात ठोकलेले तांब्याचे खिळे दिसतात, हजारो. एकेक खिळा एकेका मेलेल्या मुलासाठी. त्या शाळांतून जिवंत राहिलेल्यांनी, त्यांच्या घरच्यांनी, शाळकरी मुलांनी ते हातानं ठोकले. सगळे एका ओळीत नाहीत, काही जरा तिरके गेले आहेत. पावसानं त्यांची चकाकी उतरली आहे.

भाची काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. वर्गांची वेळ झाली होती आणि मुलं सायकली घेऊन आमच्या बाजूनं भराभर जात होती.

उत्तरेकडे निघालो. वाटेत बीटी म्युझियमच्या काचेतून निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो, सुमारे २५ मीटर लांब. १९८७ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर तो देवमासा मरून लागला होता. तिथंच पुरलेला होता, वीसेक वर्षांनी उकरून इथं आणला. पुढे दगडांचा एक ठेंगणा मनोरा लागतो आणि त्याची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे.

विद्यापीठाचा कायदा १९०८चा, वर्ग सुरू झाले १९१५ला, पण पॉइंट ग्रेवरचं बांधकाम पहिल्या महायुद्धात बंद पडलं. मुलं शहरात फेअरव्ह्यू भागातल्या कामचलाऊ खोल्यांत शिकत होती आणि इथं विज्ञान शाखेच्या इमारतीचा नुसता सांगाडा उभा होता. विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून ५०,०००हून अधिक सह्या गोळा केल्या. ऑक्टोबर १९२२मध्ये हजाराहून जास्त विद्यार्थी शहरातून मिरवणुकीनं निघाले आणि इथवर आले. त्या अर्धवट इमारतीच्या गर्डरांवर चढून बसले. प्रत्येकानं आणलेला दगड एका जागी टाकला, त्या दगडांचा हा मनोरा झाला. सरकारनं पैसे मंजूर केले आणि १९२५मध्ये इथं वर्ग भरू लागले. हे विद्यापीठ विद्यार्थ्यांनी मागून घेतलेलं आहे, याचा इथल्या मुलांना आजही अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

त्याच रस्त्यावर हेन्री अँगस यांच्या नावाची इमारत आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नितोबे बाग मेन मॉलच्या पश्चिमेला, उतारावर आहे. तिच्या शेजारी एशियन सेंटर. त्याच्या छताचं पोलाद १९७०च्या ओसाका प्रदर्शनातल्या एका दालनाचं आहे, जहाजानं इकडे आणून पुन्हा उभं केलेलं. बागेला कुंपण आहे आणि लहानसं दार. जवळून जाणाऱ्याला आत इतकं काही असेल असं वाटणारही नाही. आकार जेमतेम एक हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याच्या रानाएवढा.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेलं असलं की जपानी बागेबद्दल मनात एक चित्र तयार असतं. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, आणि कोराकुएन ही सरदारांची बाग. मोठी हिरवळ, लांबवर नजर जाईल असा मोकळेपणा. नितोबे बागेचं तसं नाही. ही चहाघराची आणि चालण्याची बाग आहे. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जवळजवळ काहीच दिसत नाही. झाडांमागे पाणी असावं एवढं कळतं. वाट वळते, एक दगडी दिवा समोर येतो. पुन्हा वळते, तळ्याचा एक तुकडा दिसतो आणि झुडपाआड जातो. तळं मध्ये आहे, वाट त्याच्याभोवती फिरते, पण सबंध तळं एका जागेवरून कुठूनच दिसत नाही. माणसाला चालायला लावणारी रचना आहे ही. थांबून फोटो काढावा आणि झालं, असं ती होऊ देत नाही.

ही बाग आखली कान्नोसुके मोरी यांनी. ते जपानच्या चिबा विद्यापीठात उद्यानशास्त्राचे प्राध्यापक होते. बाग १९६० साली खुली झाली. मेपल, चेरी, अझेलिया, आयरिस जपानहून आणले, पण मोरींनी इथली मूळ झाडं तोडून टाकली नाहीत. इथल्याच जंगलातले हेमलॉक आणि सीडर जागच्या जागी ठेवून त्यांना जपानी पद्धतीनं वळण दिलं. म्हणून या बागेत एक वेगळीच गंमत होते. जवळचं सगळं जपानी वाटतं आणि वर पाहिलं तर कॅनडाचं रान. भाचीला हे फार आवडतं. "बघ, हेमलॉक रानात असा कधीच दिसत नाही," ती म्हणाली, "इथं साठ वर्षं कुणीतरी दरवर्षी त्याच्या फांद्या बघतंय."

ते बघणारं कुणीतरी आम्हाला भेटलं. तळ्याकाठच्या पाइनला शिडी लावून एक माळीबाई काम करत होत्या. शरद ऋतूत पाइनच्या गेल्या वर्षीच्या सुया काढतात. कात्रीनं नव्हे, हातानं. एका हातानं डहाळी धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी जुन्या सुया मागे ओढून निसटवायच्या आणि टोकाचा नवा झुपका तेवढा ठेवायचा. एकेका डहाळीला मिनिटभर जातं. विचारलं तर त्या शिडीवरूनच म्हणाल्या, "आतल्या फांदीला उजेड मिळाला नाही तर ती मरते. मग झाड नुसतं टोकांना जगतं." शिडीखाली कापडावर तपकिरी सुयांचा ढीग पडला होता. एका झाडाला किती वेळ लागतो, या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या.

शेवाळाचंही तसंच. मेपलची लाल पानं हिरव्या शेवाळावर पडलेली छान दिसतात आणि पाहुणे तिथं वाकून वाकून फोटो घेतात. पण ती पानं ओली होऊन तशीच राहिली तर खालचं शेवाळ गुदमरून पिवळं पडतं. म्हणून ती मऊ झाडूनं उचलायची, रोज, आणि शेवाळ न उखडता. व्हँकुव्हरचा पाऊस शेवाळाला मानवतो, हे खरं. पण पाऊस शेवाळ वाढवतो, राखत नाही. या बागेतली शांतता कुणाच्या तरी रोजच्या श्रमातून येते आणि ते श्रम चार दिवस थांबले तर ती टिकणार नाही. बागेला निसर्ग म्हणणाऱ्यांनी त्या शिडीखाली थोडा वेळ उभं राहावं.

मग पूल लागतो. तळ्यावर कमान टाकलेला, आडव्या ओंडक्यांचा. ओंडके सत्त्याहत्तर, म्हणून त्याचं नावच सत्त्याहत्तर ओंडक्यांचा पूल. बाजूनं पाहिलं तर ओंडक्यांची गोल टोकं ओळीनं दिसतात, काहींच्या कडांना शेवाळ धरलेलं. हा पूल म्हणजे या बागेचं मर्म. कारण बाग ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या इनाझो नितोबे यांनी तरुणपणी सांगितलं होतं की मला प्रशांत महासागरावरचा पूल व्हायचं आहे.

नितोबे १८६२ साली मोरिओका इथं सामुराई घराण्यात जन्मले. साप्पोरोच्या शेती महाविद्यालयात शिकले, ख्रिस्ती झाले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला आणि मग जर्मनीत अर्थशास्त्र आणि शेती शिकले. फिलाडेल्फियाच्या मेरी एल्किंटनशी १८९१मध्ये लग्न केलं, दोघंही क्वेकर पंथाचे. जपानी माणसाची नीती पाश्चात्त्यांना समजावी म्हणून त्यांनी 'बुशिदो' हे पुस्तक थेट इंग्रजीत लिहिलं. १९००च्या सुमारास आलेल्या त्या पुस्तकानं त्यांचं नाव जगभर झालं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघात ते उपमहासचिव होते. आइन्स्टाइन आणि मेरी क्युरी ज्या बौद्धिक सहकार्य समितीत बसत, तिचं काम त्यांच्याकडे होतं. १९८४पासून वीस वर्षं जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. जपाननं तैवान ताब्यात घेतल्यावर तिथल्या साखरधंद्याची घडी बसवायला गेलेले अधिकारी नितोबेच. पूल बांधू पाहणारा हा माणूस एका साम्राज्याचा नोकरही होता. १९३१मध्ये जपानी सैन्य मांचुरियात घुसलं. लष्करशहांबद्दल नितोबे मायदेशात टीकेचं बोलले तेव्हा तिथं गहजब झाला. आणि तेच अमेरिकेत जाऊन जपानची बाजू मांडू लागले तेव्हा तिथले जुने मित्र दुरावले. दोन्ही काठांनी अव्हेरलेला पूल अशी त्यांची शेवटची वर्षं गेली. १९३३च्या मार्चमध्ये जपाननं राष्ट्रसंघ सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात नितोबे जपानी प्रतिनिधींचे प्रमुख म्हणून कॅनडात बान्फला प्रशांत देशांच्या परिषदेला आले. तिथून व्हिक्टोरियाला पोचल्यावर आजारी पडले आणि १५ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथंच वारले. व्हिक्टोरिया इथून एका बोटफेरीच्या अंतरावर. म्हणून त्यांचं स्मारक या विद्यापीठात.

आम्ही पुलाच्या मध्यावर उभ्या होतो. खाली कोई मासे संथ फिरत होते. भाची म्हणाली, "आणि त्यानंतर नऊ वर्षांनी काय झालं, ते माहितेय ना?"

डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या काही महिन्यांत कॅनडा सरकारनं ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगतच्या सगळ्या जपानी वंशाच्या माणसांना घरं सोडायला लावली. सुमारे २२,००० माणसं, बहुसंख्य कॅनडातच जन्मलेली. त्यांच्या मासेमारीच्या होड्या आधीच जप्त झाल्या होत्या. मग घरं, दुकानं, शेतं सरकारनं त्यांच्या संमतीशिवाय विकून टाकली. माणसं डोंगरातल्या छावण्यांत, बीटच्या शेतांत पाठवली गेली. यूबीसीतले ७६ जपानी-कॅनेडियन विद्यार्थी त्यांत होते. काही जण विद्यापीठाच्या लष्करी प्रशिक्षण तुकडीत होते. त्यांना आधी तिथून काढलं, मग वर्गातून आणि गावातून. काहींचं शेवटचं वर्ष होतं. ज्या मुलांच्या मिरवणुकीनं विद्यापीठ मागून आणलं त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या ७६ जणांना बाहेर काढलं जात असताना विद्यापीठ गप्प राहिलं. ज्यांनी जाहीरपणे विरोध केला त्या मोजक्यांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री अँगस होते. आशियाई वंशाच्या नागरिकांना मताचा हक्क मिळावा असं ते त्याआधीही सांगत आले होते. मघाची इमारत त्यांच्या नावाची.

युद्ध १९४५मध्ये संपलं. किनाऱ्यावर परतायची परवानगी या लोकांना मिळाली ती १९४९मध्ये. त्यानंतर अकरा वर्षांनी ही बाग उघडली. कॅनडाच्या सरकारनं संसदेत माफी मागितली १९८८ला. आणि विद्यापीठानं त्या ७६ विद्यार्थ्यांना पदव्या दिल्या मे २०१२मध्ये, सत्तर वर्षांनी. जे हयात होते त्यांतले काही स्वतः आले, नव्वदीच्या घरातले. बाकीच्यांच्या पदव्या मुलांनातवंडांनी घेतल्या.

हे कळल्यावर बाग कमी सुंदर दिसत नाही, पण ती निराळी दिसू लागते. इतकी देखणी, इतकी निगुतीनं राखलेली जपानी बाग ज्या आवारात आहे, त्याच आवारातून जपानी नाव असल्यामुळे मुलं घालवली गेली होती. बागेनं ते झाकलं असं मी म्हणणार नाही. बाग १९६०ची. एका अर्थानं ती उशिरा पुढे केलेला हात होती. पण बाग म्हणजे माफी नव्हे. माफी स्वतंत्रपणे, नावं घेऊन मागावी लागते, आणि विद्यापीठाला त्या मुलांच्या पदव्या द्यायलाही आणखी बावन्न वर्षं लागली. दक्षिणेकडचा तो खिळ्यांचा खांबही याच रांगेतला. या आवाराचं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की त्यानं आपल्या चुका आपल्याच जमिनीवर, येताजाता दिसतील अशा ठेवल्या आहेत.

पुलावरून उतरलो आणि चहाघराकडे गेलो. त्याला स्वतःचं कुंपण, स्वतःचं दार, आतली बाग वेगळी. समारंभ असतात तेव्हाच ते उघडतं. दारापाशी वाकून हात धुवायचं दगडी पात्र आहे. ते मुद्दाम खाली बसवतात, म्हणजे थोरामोठ्यांनाही आत जाण्याआधी वाकावं लागतं. पुढे वळणावळणाच्या फळ्यांचा एक बुटका पूल पाण्यालगत जातो, दोन्ही बाजूंना आयरिस. जूनमध्ये ती जांभळी फुलतात. आम्हाला त्यांची वाळत आलेली पाती दिसली, पण फळीवरून तिरकं, मग उलट तिरकं असं चालताना पाणी दर वळणाला नव्या बाजूनं दिसतं, त्यासाठी फुलं असलीच पाहिजेत असं नाही.

बाकावर एक विद्यार्थी वही मांडीवर घेऊन गणितं सोडवत होता. शेजारी रिकामा डबा. यूबीसीच्या विद्यार्थ्यांना इथं तिकीट नाही, परीक्षांच्या दिवसांत कितीतरी मुलं इथं येऊन बसतात, असं भाची म्हणाली. ती स्वतः पहिल्या वर्षी घरची आठवण फार झाली की यायची. हे तिनं मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा ती सगळं मजेत आहे असंच सांगायची.

व्हँकुव्हरला मुलाबाळांकडे जाणारे मराठी आईवडील, मावश्या, काका आता काही थोडेथोडके नाहीत. स्टॅनली पार्क आणि कॅपिलानोचा झुलता पूल सगळ्यांच्या यादीत असतो. त्या यादीत यूबीसीची एक सकाळ घाला. बागेपासून सुरुवात मात्र करू नका. मेन मॉलच्या दक्षिणेकडून, खांबापासून निघा, दगडांच्या मनोऱ्यावरून, अँगस इमारतीवरून चालत या, आणि मग बागेच्या दारात शिरा. चेरीसाठी एप्रिल, आयरिससाठी जून, मेपलसाठी ऑक्टोबर. पाऊस असला तर छत्री घ्या आणि जाच, शेवाळ पावसातच सगळ्यात चांगलं दिसतं. हिवाळ्यात बागेच्या वेळा बदलतात, तेवढ्या निघण्याआधी विचारून घ्या. आणि जिचं किंवा ज्याचं शिक्षण तिथं चाललं आहे तिला किंवा त्याला बरोबर न्या, घाई न करता बाकावर बसा. फोनवर न सांगितलेलं बरंच काही तिथं बोललं जातं.